कोणत्या तोफा?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. सुरुवात घोडदळापासून आहे, मध्ये अमेरिकेतलं एक हॉस्पिटल लागतं आणि शेवट आपल्या तक्रारीच्या पोर्टलवर होतो. घाई असेल त्यांनी सेव्ह करून ठेवा, रात्री वाचा.

२५ ऑक्टोबर १८५४. काळ्या समुद्राच्या काठचं क्रिमिया, बालाक्लावा गावाजवळचं रणांगण. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला इंग्रज, फ्रेंच आणि तुर्क. इंग्रजांचा सेनापती लॉर्ड रॅग्लन उंच टेकाडावर उभा होता आणि तिथून त्याला सगळं रणांगण ताटात वाढल्यासारखं दिसत होतं. तुर्कांकडून जिंकलेल्या मोर्चांवरच्या इंग्रजी तोफा रशियन सैनिक ओढून नेतायत, हे त्याने पाहिलं. त्याने हुकूम सोडला. जनरल एअरीने तो कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने उतरवला. मजकुराचा सारांश असा: घोडदळाने वेगाने पुढे व्हावं, शत्रूचा पाठलाग करावा आणि त्याला तोफा नेऊ देऊ नयेत.

कोणत्या तोफा, हे त्यात नव्हतं. कोणत्या दिशेला, तेही नव्हतं. रॅग्लनला ते लिहायची गरजच वाटली नसणार, कारण त्याच्या डोळ्यांसमोर ते ढळढळीत होतं.

चिठ्ठी घेऊन कॅप्टन नोलन घोड्यावरून खाली आला. खाली खोऱ्यात लॉर्ड लुकन होता. मधल्या उंचवट्यामुळे त्याला त्या ओढून नेल्या जाणाऱ्या तोफा दिसतच नव्हत्या. त्याला दिसत होत्या त्या खोऱ्याच्या पार टोकाला मांडलेल्या रशियन तोफा. त्याने विचारलं, कोणत्या तोफा? नोलनने हात हवेत फिरवून खोऱ्याच्या दिशेने काहीतरी दाखवलं. तो हात नेमका कुठे होता यावर इतिहासकार अजून भांडतात.

पुढे झालं ते असं. लॉर्ड कार्डिगनच्या मागे साधारण ६७० स्वार थेट टोकाच्या तोफांवर चालून गेले. समोर तोफा, दोन्ही बाजूंना तोफा. शंभराहून जास्त स्वार मेले, दीडशेहून जास्त जखमी झाले, घोडे शेकड्यांनी गेले. सुरुवातीलाच पडलेल्यांमध्ये नोलन होता. त्यामुळे 'तू नक्की काय दाखवलंस' हे त्याला विचारायलाही कोणी उरलं नाही. टेनिसनने कविता केली आणि हल्ला अमर झाला. ती पेन्सिलीची चिठ्ठी आजही लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे.

आता म्हणाल, हे आज कशाला. सांगतो.

सध्या जिकडे तिकडे 'एआय एजंट' हा शब्द ऐकू येतो. आपल्याकडे एजंट म्हटलं की आरटीओबाहेरचा नाहीतर विम्याचा. हा तिसरा प्रकार. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनाय ही मंडळी आधी नुसती बोलायची. आता त्यांच्या हातात कामाची साधनं दिली जातायत: हवामान बघ, ईमेल पाठव, फाइल उघड, रक्कम वळती कर. या एकेका साधनाला टूल म्हणतात. टूलसह काम करणारं मॉडेल म्हणजे, ढोबळमानाने, एजंट.

यातली मेख अशी की मॉडेलला ते टूल दिसत नाही. त्याच्या आतला प्रोग्राम त्याला दिसत नाही, तो कोणी आणि कशासाठी लिहिला ते माहीत नसतं. त्याच्यासमोर फक्त मजकूर येतो: टूलचं नाव, त्याचं चार ओळींचं वर्णन आणि त्याला कोणती माहिती द्यायची त्याची यादी. तेवढं वाचून मॉडेल ठरवतं की आत्ता हे वापरायचं का, आणि वापरायचं तर आत काय भरायचं. मॉडेल फक्त 'अमुक टूल, अमुक माहिती' असं लिहून देतं. बाहेरचा प्रोग्राम ते चालवतो आणि उत्तर पुन्हा मजकूर म्हणून मॉडेलकडे येतं. थोडक्यात, मॉडेल खोऱ्यात उभं आहे आणि वर्णन लिहिणारा टेकाडावर. मधे चिठ्ठी. फरक इतकाच, की लुकनने निदान 'कोणत्या तोफा' एवढं विचारलं तरी. मॉडेल पुष्कळदा विचारत नाही. ते अंदाज बांधतं आणि घोड्याला टाच मारतं.

म्हणून या चार ओळी कोण लिहितं आणि कशा लिहितं, हा मला फक्त कॉम्प्युटरवाल्यांचा प्रश्न वाटत नाही.

साधनाचं वर्णन साधनाबरोबरच द्यायचं, ही कॉम्प्युटरच्या जगातली शिस्त घडली ती मुख्यतः अमेरिकेत न्यू जर्सीतल्या बेल लॅबमध्ये. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी तिथे युनिक्स नावाची प्रणाली उभी केली. आजचा तुमचा अँड्रॉइड फोन काय, आयफोन काय, दोघांच्या वंशावळीत ती आहे. ३ नोव्हेंबर १९७१ ही तिच्या पहिल्या मॅन्युअलवरची तारीख. त्याच सुमारास बेल लॅबच्या पेटंट विभागातले टायपिस्ट या प्रणालीवर पेटंटचे अर्ज टाइप करायला लागले होते. म्हणजे साधनं बनवणारे वेगळे आणि वापरणारे वेगळे, असा प्रकार सुरू झाला होता.

त्या मॅन्युअलमध्ये प्रत्येक कमांडला स्वतंत्र पान आणि प्रत्येक पानाचे मथळे ठरलेले. नाव. वापरायची रीत. वर्णन. कोणत्या फाइलींना हात लागतो. हेही पाहा. चुकलं तर काय संदेश येतो. पानाचा मालक कोण. आणि मला सगळ्यात आवडलेला मथळा: 'बग्ज', म्हणजे दोष. आपण बनवलेल्या वस्तूत काय खोट आहे, ती कुठे दगा देते, हे तिच्याच माहितीपत्रकात, त्याच टाइपात, उघड छापायचं. आपल्याकडे पंखा घेतला तर वॉरंटी कार्डावर असं काही सापडेल का?

पुढच्या आवृत्त्यांवर डग मॅकिलरॉय या त्यांच्या विभागप्रमुखाने बारीक नजर ठेवली. या मंडळींची एक सवय लक्षात ठेवण्यासारखी आहे. पान लिहायला बसलं आणि वर्णन वेडंवाकडं व्हायला लागलं, 'हे असं करते, पण अमुक असेल तर तसं, आणि तमुक असेल तर काहीच नाही' अशी शेपटं लागायला लागली, की ते पान सोडून प्रोग्रामच दुरुस्त करत. सरळ सांगता येत नाही ती गोष्ट बहुधा सरळ बनलेलीच नसते. आम्हा बातमीदारांनाही हे कळतं. बातमीचा इंट्रो जमत नसेल तर नव्वद टक्के वेळा बातमीच नीट कळलेली नसते.

नावाच्या बाबतीत मात्र तेही चुकले. फाइल तयार करण्याच्या आज्ञेचं नाव त्यांनी इंग्रजी 'क्रिएट'चा शेवटचा 'ई' गाळून ठेवलं. पुन्हा युनिक्स बनवायची झाली तर काय बदलाल असं थॉम्प्सनला विचारलं तेव्हा तो म्हणाला म्हणे, तो 'ई' लावीन.

वर्णन न देण्याची किंमत किती असू शकते, त्याचं उदाहरण थेरॅक-२५ चं. कॅन्सरच्या रुग्णांना किरणोत्सर्गाचे उपचार देणारं हे कॅनेडियन बनावटीचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका-कॅनडात सहा रुग्णांना त्याने ठरलेल्या मात्रेच्या कित्येक पट मारा दिला. २१ मार्च १९८६ ला टेक्सासमधल्या टायलर गावच्या कॅन्सर सेंटरमध्ये तंत्रज्ञ बाईंनी एक अक्षर चुकीचं टाइप केलं, वर जाऊन ते दुरुस्त केलं, उपचार सुरू केले. स्क्रीनवर आलं: 'मालफंक्शन ५४'. बास, एवढंच. मॅन्युअलमध्ये ५४ चा अर्थ कुठेच दिलेला नव्हता. मात्रा कमी गेल्याचं स्क्रीन दाखवत होती. असे आकडे दिवसभरात अनेकदा यायचे आणि पुढे चला म्हणून 'पी' दाबलं की काम सुरू व्हायचं, अशी सवय झालेली. त्यांनी 'पी' दाबलं. आत रुग्णाला दुसरा झटका बसला. पाच महिन्यांनी तो गेला.

पुढे चौकशीत ५४ चा अर्थ कंपनीच्या तंत्रज्ञाने सांगितला: मात्रा एकतर जास्त गेली आहे किंवा कमी गेली आहे. वाचा पुन्हा. जास्त किंवा कमी. औषध दुकानदाराने बाटलीवर 'एकतर औषध किंवा विष' अशी चिठ्ठी लावावी तसं.

अर्थात दोष नुसत्या चिठ्ठीत नव्हता, प्रोग्राममध्येही होता. आणखी एक गोष्ट होती. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीचा मारा अडवणारे प्रत्यक्ष यांत्रिक अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून सगळी भिस्त सॉफ्टवेअरवर ठेवली होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अलीकडचा इतिहास, तो जेमतेम तीन-चार वर्षांचा आहे.

ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रिन्स्टन आणि गूगलच्या संशोधकांनी 'रिॲक्ट' नावाचा निबंध काढला. मॉडेलने थोडा विचार करायचा, एक कृती करायची, निकाल बघायचा, पुन्हा विचार. विकिपीडियासाठी त्यांनी तीनच कृती दिल्या होत्या: शोध, पानात हुडक, संपव. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेटाचा 'टूलफॉर्मर' आला. त्यात कॅल्क्युलेटर, कॅलेंडर, भाषांतर वगैरे साधनं कधी वापरायची हे मॉडेलला शिकवलं होतं. म्हणजे तोवर साधन वापरायचं तर त्याची उदाहरणं दाखवा नाहीतर शिकवणी द्या, असा मामला होता.

मग १३ जून २०२३ ला ओपनएआयने 'फंक्शन कॉलिंग' जाहीर केलं. आता कोणीही उठून आपल्या टूलचं नाव, साध्या भाषेतलं वर्णन आणि आत भरायच्या माहितीची यादी मॉडेलला देऊ शकत होता. शिकवणी नको, उदाहरणं नकोत. माझ्या मते खरा सांधा इथे बदलला. कारण त्या दिवशी वर्णन हे माहितीपत्रक राहिलं नाही, ते यंत्राचाच भाग झालं. युनिक्सच्या पानावर चूक असली तर वाचणारा माणूस डोकं खाजवून ती सुधारून घ्यायचा. इथे वाचणारा तसंच्या तसं चालवतो.

त्यांचं नमुन्याचं टूल होतं हवामानाचं. वर्णन एका ओळीचं, अर्थ असा की दिलेल्या ठिकाणचं सध्याचं हवामान मिळवा. ठिकाण कसं लिहायचं ते मात्र उदाहरणासह दिलं होतं: शहर आणि राज्य. हे शहाणपणाचं आहे. नुसतं 'पिंपळगाव' म्हटलं तर बसवंत की हरेश्वर, हे आपल्याकडे एसटीचा कंडक्टरही विचारतो. पण 'सध्याचं' हा शब्द बघा. शेतकऱ्याने विचारलं, 'उद्या फवारणी करू का?' तर हे टूल वापरायचं की नाही? वापरलं तर आजचं आभाळ बघून उद्याचा सल्ला दिला जाईल. वर्णनात एक वाक्य जास्त हवं होतं: हे टूल अंदाज सांगत नाही, उद्याचं विचारलं तर हे वापरू नका.

काळाचा घोळ मोठमोठ्या कंपन्यांचाही होतो. क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकने २०२५ मध्ये स्वतःच लिहिलंय की त्यांच्या वेब सर्चच्या टूलमध्ये क्लॉड शोधाच्या शब्दांपुढे विनाकारण '२०२५' जोडत होता आणि त्यामुळे निकाल एकांगी येत होते. उपाय काय केला? वर्णन सुधारलं. वर्तमानपत्रात हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळतो. संध्याकाळी लिहिलेल्या बातमीत 'उद्या सभा' लिहिलं की सकाळी वाचणारा एक दिवस उशिरा मैदानात पोचतो. म्हणून वार आणि तारीख लिहायची. माझ्या पहिल्या उपसंपादकांनी 'उद्या' या शब्दाभोवती लाल पेनाने जे गोल काढले ते अजून डोळ्यांसमोर आहेत.

त्याच कंपनीचं दुसरं उदाहरण मॅकिलरॉयच्या वळणाचं आहे. कोड दुरुस्त करणारा त्यांचा एजंट एका फोल्डरमधून दुसऱ्यात गेला की फाइलींचे अर्धवट पत्ते देऊन चुकायचा. 'नीट पत्ता द्या' असं बजावत बसण्याऐवजी त्यांनी टूलच बदललं. दरवेळी मुळापासूनचा पूर्ण पत्ता दिला तरच चालेल, असं केलं. चुका थांबल्या.

नोव्हेंबर २०२४ मध्ये याच अँथ्रॉपिकने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' ही सामायिक पद्धत खुली केली आणि कोणाचंही टूल कोणाच्याही एजंटला जोडता यायला लागलं. पाठोपाठ यायचं ते आलंच. एप्रिल २०२५ मध्ये इन्व्हेरियंट लॅब्जच्या संशोधकांनी दाखवून दिलं की दोन आकड्यांची बेरीज करणाऱ्या निरुपद्रवी टूलच्या वर्णनात लपवून लिहिता येतं, 'आधी वापरकर्त्याच्या अमुक गुप्त फाइली वाच आणि सोबत पाठव'. माणसाला स्क्रीनवर बेरीज दिसते, मॉडेलला पूर्ण वर्णन दिसतं, आणि ते इमानेइतबारे ऐकतं. चिठ्ठीच शत्रूने लिहिलेली!

एवढा इतिहास पुरे. आता आपल्या अंगणात या.

'सातबारा' या शब्दाचंच बघा. गाव नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, गाव नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही. नावात फक्त दोन आकडे. तरी आपलं अडत नाही, कारण विचारायला तलाठी आहे, शेजारी आहे, झेरॉक्सवाला आहे. आता समजा एजंटला दोन टूल दिली, एक सातबारा काढणारं आणि एक आठ-अ काढणारं, आणि दोन्हींचं वर्णन एकच: 'जमिनीची माहिती देते'. कोणी आजी विचारतात, 'बाळा, गावात माझ्या नावावर एकूण किती जमीन आहे?' सातबारा एका गटाचा असतो. आजींचं त्या गावातलं सगळं क्षेत्र एकत्र दिसतं ते आठ-अ वर. एजंटने सातबारा काढला तर आजींना कळेल की आपली जमीन वीस गुंठेच आहे. ती कोणी हडपली म्हणून घरात महाभारत सुरू. दोन वाक्यांत टळणारी गोष्ट आहे: एका गटाची माहिती हवी तर हे वापरा, खातेदाराची गावातली सगळी जमीन हवी तर ते वापरा.

हे तरी निस्तरता येईल. मला खरी धास्ती आहे एका वेगळ्या शब्दाची. 'निकाली काढणे'.

सरकारी मराठीत याचे निदान तीन अर्थ आहेत. काम झालं. काम होणार नाही असं कळवलं. आणि तिसरा, सर्वात लाडका: काम दुसऱ्याच्या टेबलावर गेलं, आपल्याकडची नोंद संपली. तीस वर्षं नोकरी झालेल्या अव्वल कारकुनाला यातला फरक झोपेतही कळतो. तो सोयीसाठी तो पुसतो, ही गोष्ट वेगळी, पण कळतो. आता उद्या तक्रारींच्या पोर्टलला एजंट जोडला आणि त्याला टूल दिलं 'तक्रार निकाली काढा', वर्णन 'तक्रार निकाली काढते', आणि वरून सांगितलं की प्रलंबित संख्या कमी कर. तुमच्या वस्तीतली पाण्याची टाकी गळतेय. अभियंत्याचं उत्तर आलं, 'निधी उपलब्ध झाल्यावर कार्यवाही करण्यात येईल'. एजंट काय करेल? खोऱ्याच्या टोकाला ज्या तोफा दिसतात त्यांच्यावर जाईल. आणि माणसाचा हात थकतो तसा त्याचा थकणार नाही, एका रात्रीत दहा हजार तक्रारी निकाली निघतील. सकाळी आम्हाला प्रेसनोट येईल, 'प्रलंबित प्रकरणांचा विक्रमी निपटारा'. आणि आमच्यातलेच काही ती तशीच छापतील.

मी टीकाच करतोय असं नको म्हणून, हे वर्णन मी लिहिलं असतं तर कसं लिहिलं असतं ते देतो:

'तक्रार कायमची बंद करते. बंद झाल्यावर अर्जदाराला एसएमएस जातो आणि तीच तक्रार पुन्हा उघडता येत नाही. प्रत्यक्ष काम झाल्याचा पुरावा, म्हणजे कामाचा फोटो किंवा अर्जदाराचा होकार, तक्रारीला जोडलेला असेल तरच वापरावे. उत्तरात "कार्यवाही सुरू आहे", "निधी आल्यावर करू", "संबंधित विभागास कळवले" असे असेल तर वापरू नये. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची असेल तर "तक्रार वर्ग करा" हे टूल वापरावे. तक्रार क्रमांक माहीत नसेल तर अंदाजाने भरू नये, अर्जदाराला विचारावा. काम झाले की नाही हे टूल स्वतः तपासत नाही.'

शेवटचं वाक्य म्हणजे युनिक्सच्या पानावरचा तो 'दोष' मथळा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच, आणि सगळ्यात आधी गाळलं जाईल तेही तेच.

कॉम्प्युटरमधली मित्रमंडळी इथे दोन आक्षेप घेतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, वर्णनं लांबवत नेली तर मॉडेलच्या डोक्यातली जागा खातात, आणि पन्नास टूलचे पन्नास निबंध दिले तर तेही गोंधळतं. मान्य. म्हणून एकसारखी दिसणारी टूल कमी करा, जे करता येणार नाही असं काम त्याच्या हाती देऊ नका. दुसरा आक्षेप जास्त महत्त्वाचा: 'वापरू नये' असं लिहिणं म्हणजे कुलूप नव्हे. मॉडेल बहुतेकदा ऐकेल, एखाद्या वेळी नाही ऐकणार. इथे थेरॅकचा तो यांत्रिक अडसर आठवा. फोटो जोडलेला नसेल तर प्रोग्रामनेच तक्रार बंद करू देता कामा नये, वर्णनात काहीही लिहिलेलं असो. परत फिरवता येत नाही अशा प्रत्येक कृतीपाशी एक माणूस बसवा, ज्याचं नाव आणि सही दिसेल.

कोणी म्हणेल, माणूस तरी काय वेगळं करतो? तोही निकालीच काढतो. हो, काढतो. पण त्याच्या शेऱ्याखाली सही असते. मी ती दाखवून त्याला विचारू शकतो, त्याच्या साहेबाला विचारू शकतो, अपिलात जाऊ शकतो. टूलच्या वर्णनाखाली सही नसते. ते बहुधा ठेका घेतलेल्या कंपनीतल्या एखाद्या पोराने जेवणाच्या सुट्टीआधी दहा मिनिटांत लिहिलेलं असेल. त्या पोराने कधी तक्रार अर्ज केलेला नसेल, आणि ज्या अव्वल कारकुनाला 'निकाली'चे तीन अर्थ माहीत आहेत त्याला कोणी विचारलेलं नसेल. पोराची चूक नाही. टेकाडावर उभं राहून त्याला जे दिसलं ते त्याने लिहिलं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. सरकारी कामात एजंट आणायचे तर आणा, मी काही त्यांच्या विरुद्ध नाही. रात्री अकरा वाजता आजींना आठ-अ नीट समजावून सांगणारं कोणी मिळालं तर चांगलंच आहे. पण त्यांना दिलेल्या टूलची वर्णनं लोकांसमोर ठेवा, मराठीत ठेवा, दोषांसकट ठेवा, आणि कोणी लिहिली ते खाली लिहा. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख). प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कोणी न मागता प्रसिद्ध करायच्या १७ बाबी तिथे दिल्या आहेत. त्यातली पाचवी बाब म्हणजे कामकाज करताना वापरले जाणारे नियम, विनियम, सूचना, नियमपुस्तिका आणि अभिलेख. कर्मचारी ज्या सूचनेवरून काम करतो ती उघड करायची असेल, तर कर्मचाऱ्याच्या जागी बसवलेला एजंट ज्या सूचनेवरून काम करतो ती का नाही? 'ते सॉफ्टवेअर आहे, कंपनीचं गुपित आहे' असं उत्तर येईल, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. पण आपण प्रोग्राम मागतच नाही. आपण मागतोय ती साध्या भाषेतली चार वाक्यं, ज्यांच्या जोरावर आपली तक्रार बंद होणार आहे.

अर्जाचा मसुदा करून ठेवलाय. तीन प्रश्न आहेत. आपल्या कार्यालयात नागरिकांच्या अर्जांवर किंवा तक्रारींवर एआय एजंट वापरला जातो का. वापरला जात असल्यास त्याला उपलब्ध करून दिलेल्या प्रत्येक टूलचं नाव आणि वर्णन, आहे त्याच शब्दांत, प्रमाणित प्रत. आणि ते वर्णन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम व मंजुरीची तारीख. प्रश्न मुद्दाम आखूड ठेवलेत, म्हणजे 'माहिती संदिग्ध स्वरूपाची असल्याने' या वाक्याला जागा उरू नये. कोणाला हवा असेल तर इनबॉक्समध्ये या, पाठवतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आपापला.